जाळीकामात पातं ओवताना जीव मेटाकुटीला येतो, काही युक्ती आहे का?

लालबागची_करवत

नमस्कार मंडळी. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमच्याकडे गणपतीचं मखर प्लायचं असतं. आधी बाहेरून करून घ्यायचो, यंदा घरीच करायचं म्हणून स्क्रोल सॉ (बारीक उभं पातं खालीवर चालवणारी मशीन-करवत) आणली, १६ इंची, पिनवाली (टोकांना आडवी पिन असलेली) आणि बिनपिनची अशी दोन्ही पाती लागतात. मागच्या पडद्याला वेलबुट्टीची जाळी काढलीय, दोन सूत (पाव इंच) बर्च प्लाय, आणि आतली भोकं शंभराच्या वर.

कापणं जमतंय, रेघेवर हात बसलाय. पण दर भोकाला पातं वरून सोडवा, प्लाय उचला, पुढच्या भोकातून ओवा, परत अडकवा, परत ताणा, यातच सगळा वेळ जातो. भोक खालून सापडत नाही, सापडलं तर पातं वाकतं, नीट अडकवलं असं वाटतंय तोवर मशीन चालू केलं की क्लॅम्पमधून सटकतं. पिनवाली पाती पटकन लागतात पण त्यांना भोक एवढं मोठं पाडावं लागतं की वेलीचं पानच त्यात जातं. यूट्यूबवरचे गोरे आजोबा एका हाताने दोन सेकंदात ओवतात, ते बघून अजून चिडचिड होते. काय करू?

वसईचा_मिस्त्री

ताई पिनवाली पाती डब्यात ठेवून द्या, जाळीकामाला ती नाहीतच. पिन जायला पाच-सहा मिलिमीटरचं भोक लागतं, बिनपिनचं ५ नंबरचं पातं दीड मिलिमीटरच्या भोकातून आरामात जातं. बारीक, १ नंबर किंवा २/० (१ पेक्षाही बारीक) असेल तर एक मिलिमीटरचा बिट पण चालतो, पण तो बिट मोडतो फार, हात जरा तिरका झाला की गेला, म्हणून डझनाने घेऊन ठेवा.

आणि तुमची अडचण पात्यात नाही, भोकात आहे. प्लायला वरून ड्रिल मारलं की खालच्या बाजूला लाकडाचे तंतू उभे राहतात, पात्याचं टोक त्यातच अडकतं आणि तुम्हाला वाटतं भोक सापडत नाहीये. सगळी भोकं पाडून झाली की प्लाय उलटा करा, १८० चा पॉलिश पेपर ठोकळ्याला लावून खालची बाजू सपाट घासून काढा. याचा दुसरा फायदा म्हणजे प्लाय टेबलावर सपाट बसतो, नाहीतर त्या तंतूंवर डुगडुगत राहतो आणि काप सरळ उभा येत नाही. मग जाड बिट, तीन-चार मिलिमीटरचा, हातात धरून, मशीनला न लावता, प्रत्येक भोकाच्या खालच्या तोंडावर दोनदा गोल फिरवा. तोंड जरा फाकतं, पातं घसरत आपोआप आत जातं. भोक खालून मोठं दिसलं तरी काय बिघडत नाही, तो भाग कापून पडणारच आहे.

लालबागची_करवत

घासून घेत होते पण वरूनच 😅 खालचं डोक्यातच आलं नाही. भोक कुठे पाडायचं पण, मधोमध की रेघेजवळ?

वसईचा_मिस्त्री

मधोमध पाडलं तर रेघेपर्यंत उगाच चालत जायचं. टोकदार कोपऱ्याच्या जवळ, रेघेपासून दोन-तीन मिलिमीटर आत, तिथून निघून कोपरा गाठायचा, तिथून पूर्ण फेरी मारून परत त्याच कोपऱ्यात यायचं म्हणजे सुरुवात-शेवटाची खूण उरत नाही. गोल भोक असेल तर कोपरा नाही, तिथे रेघेला हळूच स्पर्शून आत शिरायचं, सरळ जाऊन धडकायचं नाही.

आयटीतला_सुतार

मिस्त्रींशी सहमत, पण सटकण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून टंकतोय.

पाती पाकिटात येतात ती तेल लावून येतात, गंजू नयेत म्हणून. तेच तेल क्लॅम्पमध्ये जातं आणि मग तुम्ही स्क्रू कितीही आवळा, पातं निसटणारच. नवीन पाकीट उघडलं की आख्खा गठ्ठा थिनरच्या फडक्याने पुसायचा. मग प्रत्येक पात्याची दोन्ही टोकं, जो अर्धा इंच दात नसलेला भाग असतो तो, २२० च्या पेपरमध्ये चिमटीत धरून दोनदा ओढायचा. बास. क्लॅम्पच्या आतल्या स्क्रूचं तोंडसुद्धा काही दिवसांनी गुळगुळीत चकचकीत होतं, तेही काढून पेपरवर घासून घ्या. आणि पक्कड लावून आवळू नका हो, बरेच लोक तसं करतात, त्याने स्क्रूचं तोंड वाकडं होतं आणि पातं एका बाजूला झुकून बसतं, मग ते तिथेच तुटतं.

दुसरं, टोक. कंपनीकडून टोक चौकोनी कापलेलं येतं, त्याचे दोन कोपरे भोकाच्या काठाला अडतात. बारीक कानशीने किंवा जुन्या कात्रीने एक कोपरा तिरका उडवा. ओवायला जमीन-अस्मानाचा फरक.

तिसरं, दातांची दिशा. दात पुढे आणि खाली तोंड करून हवेत. डोळ्यांना दिसत नसेल तर पात्यावरून बोट हलकं खालून वर न्या, अडलं पाहिजे. उलटं लावलं तर मशीन चालू होताच प्लाय वर उडी मारतो. माझी बायको पात्याच्या वरच्या टोकाला नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवते, पाकीट आणलं की हे काम तिचं.

मुलुंडची_मावशी

+१ नेलपॉलिशला. मी लाल वरच्या टोकाला आणि रिव्हर्स दातवाल्यांना निळा लावते.

भुसा_खाणारा

रिव्हर्स दातवालं म्हणजे काय, प्लायला तेच घ्यायचं ना?

आयटीतला_सुतार

हो, प्लायला तेच. साधं पातं वरून खाली कापतं म्हणून खालच्या थराचे छिलके निघतात. रिव्हर्समध्ये सगळ्यात खालचे थोडे दात उलट, वर तोंड करून असतात, ते वर येताना खालची कड साफ करतात. पण ते दात टेबलाच्या वर आलेच नाहीत तर पैसे पाण्यात. मशीन हाताने फिरवून पातं सगळ्यात वर आणा, त्या वेळी दोन-तीन उलटे दात टेबलाच्या वर दिसले पाहिजेत. जास्त दिसत असतील तर खालचं टोक थोडं छाटा म्हणजे पातं खाली बसतं. उलटे दात जास्त वर आले तर तेच प्लायला वर ढकलतात, आणि दोन सूत प्लाय हलका असतो, थडथडायला लागतो.

नंबरांचं साधारण गणित: पाती ५ इंच लांब असतात, नंबर वाढला की जाड आणि दात मोठे. २/० आणि १ बारीक वळणांना आणि एक सुताच्या आतल्या पातळ लाकडाला, ३ आणि ५ रोजच्या जाळीकामाला, ७, ९, १२ जाड लाकडाला. दोन सूत बर्च प्लायला मी ३ घेईन. ५ ने हात पटकन सरळ जातो, पण वेलीच्या टोकांना वळायला जागा लागते.

गिरगावकर_नाना

मशीनच्या गप्पा चालू द्यात, म्हाताऱ्याचं ऐका थोडं. आमच्या लहानपणी हे सगळं हाताच्या धनुकरवतीने होत होतं, लाकडी मूठ आणि वाकवलेली लोखंडी कमान. टेबलाच्या कडेला पुढे खाच पाडलेली फळी शिकंजाने आवळायची, त्या खाचेवर काम ठेवायचं आणि करवत उभी धरून खाली ओढायची. दात मुठीकडे तोंड करून, म्हणजे ओढताना कापतं, ढकलताना नाही. पातं ओवताना कमान छातीशी आणि टेबलाशी दाबून जवळ आणायची, पातं आवळायचं, कमान सोडली की पातं आपोआप ताणलं जातं. तिथे खालून भोक शोधायची भानगडच नाही कारण काम हातात असतं, भोक डोळ्यासमोर.

गिरगावात खोताच्या वाडीत जाऊन जुन्या घरांच्या पागोळ्यांखालच्या लाकडी झालरी बघा एकदा. वीज नसतानाही ही कामं व्हायची.

आयटीतला_सुतार

नाना, मान्य, पण शंभर भोकं हाताने म्हणजे गौरी-गणपती सोडा, नाताळ उजाडेल.

गिरगावकर_नाना

घाई कोणाला आहे? 😀 बरं, मुद्द्याचं सांगतो. काम हातात घेऊन ओवायची पद्धत मशीनवरही चालते. वरचा आर्म (पातं धरणारा दांडा) उचलला जात असेल तर पातं खालच्या क्लॅम्पमध्येच राहू द्यायचं, काम वरून आणून पात्यावर उतरवायचं. पातं उभं असतं, तुम्ही भोक त्याच्यावर आणता.

वसईचा_मिस्त्री

इथे माझं नानांशी जमत नाही. लहान तुकडा असेल तर खालून ओवा, बेस्ट. पण मखराचा पडदा दीड-दोन फुटांचा, तो हवेत उचलून धरायचा आणि खालचं बारीक टोक बघायचं, हात भरून येतात आणि अर्ध्या वेळेला आधीच कापलेली नाजूक वेल पात्याला लागून तुटते. मोठ्या कामाला पातं वरच्या क्लॅम्पला ठेवायचं, काम टेबलावरच सरकवायचं, भोक पात्याखाली आणायचं, वरून खाली सोडायचं, आणि खाली हात घालून अडकवायचं. खालचा क्लॅम्प दिसत नाही ही खरी बोंब, म्हणून टेबलाखाली छोटा आरसा तिरका चिकटवा आणि एक यूएसबीवाला एलईडी लावा. टेबलाच्या भोकातून उजेड वर येतो, प्लायचं भोक त्यावर आलं की चमकतं. शोधायचं कामच संपलं.

सोनारगल्ली

उजेडवाली आयडिया आवडली. आमच्या धंद्यात पण करवत लागते, पितळ-चांदीची जाळी कापायला, पाती तुमच्यापेक्षा कितीतरी बारीक, ८/० पर्यंत. काही लोक लाकडाला आमचीच पाती घेऊन जातात, झवेरी बाजारात मिळतात म्हणून. कापतं, नाही असं नाही, पण त्याचे दात धातूसाठी जवळजवळ असतात, लाकडाचा भुसा अडकून बसतो, पातं तापतं आणि कड काळी पडते. लाकडाची पाती वेगळी, त्यात एक-एक दात गाळलेला असतो म्हणजे भुशाला बाहेर पडायला जागा. घाईत असाल तर ठीक, एरवी नको.

ताणाबद्दल: आम्ही पातं नखाने छेडून बघतो. बद्द वाजलं तर ढिलं, तंबोऱ्याच्या जोडीसारखं स्वच्छ टणत्कारलं तर बरोबर. तुमच्या मशीनवरही तसंच बघा.

आयटीतला_सुतार

आणि कान नसेल तर बोटाने बाजूने दाबून बघायचं, साधारण एक सुतापेक्षा जास्त सरकलं तर अजून ताणा. मशीन बंद करून उठताना ताण सोडून ठेवायचा, आर्मलाही आराम.

लालबागची_करवत

अपडेट: थिनरने पुसलं, टोकं घासली, सटकणं बंद! भोकांची खालची तोंडं पण फाकवली. आरसा लावलाय, एलईडी उद्या. मिस्त्रींच्या पद्धतीने वरून ओवतेय, आधीपेक्षा खूप बरं. बारीक दोन प्रश्न उरलेत. एक, पातं रेघेवरून सतत एका बाजूला ओढतंय, सरळ ढकललं तरी. दोन, पडदा २२ इंच रुंद, मशीनच्या घशात १६ इंचच जातं, फिरवताना मागच्या खांबाला आपटतं.

आयटीतला_सुतार

एक: हा दोष तुमचा नाही. स्वस्त पाती पट्टीतून दाबून किंवा फिरत्या कटरने बनवतात, त्यात एका बाजूला धातूची बारीक कड उठलेली राहते. ती बाजू जास्त कापते, बहुतेक पात्यांत उजवी, म्हणून काम जरा तिरकं धरून ढकलावं लागतं. हाताला सवय होते. घासून बनवलेली महाग पाती सरळ जातात. नाहीतर मशीन चालू ठेवून पात्याच्या उजव्या कडेला चपटा ऑइल स्टोन अगदी हलका टेकवा, क्षणभरच, ती उठलेली कड कमी होते.

त्याआधी टेबल काटकोनात आहे का बघा. जाड लाकडाच्या ठोकळ्यात छोटासा काप मारा, मशीन बंद करा, ठोकळा पाठीमागे वळवा आणि पात्याच्या मागच्या बाजूने तोच काप बसतो का बघा. बसला तर टेबल सरळ. मशीनवरच्या अंशाच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, ती शोभेला असते.

वसईचा_मिस्त्री

दोन: स्पायरल पातं घ्या, पिळलेलं असतं, चारही बाजूंनी कापतं, त्यामुळे काम फिरवावं लागत नाही, नुसतं पुढे-मागे-बाजूला सरकवायचं. पण कड खडबडीत येते, काप रुंद होतो आणि लाकडाच्या रेषेकडे पळतं, सरळ रेघ तर त्याने मारायचीच नाही. घेताना टोकं चपटी असलेलं घ्या, पूर्ण पिळाचं टोक क्लॅम्पमध्ये नीट बसत नाही आणि ओवायलाही त्रास.

खरं सांगू का, मखर आहे, पडदा दोन तुकड्यांत करा आणि मधला सांधा एखाद्या उभ्या पट्टीमागे लपवा. गणपती गेल्यावर माळ्यावर ठेवायलाही सोपं.

मुलुंडची_मावशी

दोन तुकड्यांना +१००. दोन्ही तुकडे सारखे असतील तर एकावर एक दोन बाजूंच्या चिकटपट्टीने चिकटवून एकदमच कापा, ओवायचं काम अर्ध्यावर येतं. दोन सूत प्लायचे दोन म्हणजे अर्धा इंच झाला, मग ३ नंबर ऐवजी ५ घ्या.

क्रम पण सांभाळा हं. मधली बारीक भोकं आधी, मग कडेकडेने मोठी, बाहेरची महिरप सगळ्यात शेवटी. मोठी भोकं आधी पाडली तर मध्ये नुसत्या काड्या राहतात आणि ओवताना त्या थरथरतात.

भुसा_खाणारा

पाती किती चालतात हो एक? माझं पातं तुटेपर्यंत मी वापरतो.

सोनारगल्ली

तुटेपर्यंत वापरू नका. बोथट झालं की तुम्ही नकळत ढकलायला लागता, पातं मागे वाकतं, काप आत पोटाला फुगतो, कड जळते, मग तुटतं. ढकलावं लागतंय असं वाटलं की बदला. सागवानात आणि एमडीएफमध्ये तर लवकर बोथट होतं, सागात मुळातच वाळूचा अंश असतो.

वसईचा_मिस्त्री

त्यात पण एक जुगाड आहे. मशीनचा फेरा (पातं खालीवर जातं ते अंतर) पाऊण इंचाच्या आसपासच असतो, म्हणजे पातळ प्लायला पात्याचे थोडेच दात झिजतात, वरचे कोरेच राहतात. टेबलावर एखादा जाड प्लायचा तुकडा मध्ये भोक पाडून पक्का चिकटवा, काम उचललं गेलं की नवे दात कामाला येतात. पण रिव्हर्स पात्याचे उलटे दात मग खालीच राहतात, हे लक्षात ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं जे कोणीच लिहिलं नाही. ओवताना मशीनचा प्लग काढा, निदान बटण तरी भिंतीवरचं. पायाचा स्विच असेल तर पाय खुर्चीखाली घ्या. खाली हात घालून क्लॅम्प आवळताना पाय पडला तर काय होईल सांगायला नको. चष्मा पण हवा. पातं तुटलं की वरचा तुकडा आर्मसकट खालीवर ठोकत राहतो, हात लगेच घालायचा नाही, आधी बंद.

लालबागची_करवत

प्लग दूर आहे, आजच एक्स्टेंशन बोर्ड मशीनला लावून घेते. आणि पाती पावसात गंजतात त्याचं काय करता? आमच्याकडे कपाटातले सुद्धा कपडे ओले लागतात सध्या.

मुलुंडची_मावशी

प्लास्टिकच्या झाकणवाल्या नळ्या, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या मोठ्या बाटल्या असतात ना तसल्या, त्यात नंबर लिहून उभी ठेवते. आत सिलिका जेलची पुडी, ती बुटांच्या खोक्यातली सुद्धा चालते. आमचे सासरे हत्यारांच्या पेटीत कापराच्या वड्या टाकत, मीही टाकते. पुसून ठेवलेल्या पात्यांना मात्र परत पाकिटातल्यासारखं तेल लावू नका, मग पुन्हा थिनर आलं.

भुसा_खाणारा

पाती घ्यायची कुठे? ऑनलाइन बिनपिनची चांगली दिसत नाहीत.

आयटीतला_सुतार

मुंबईत नागदेवीला किंवा लोहार चाळीत फिरा, पण नुसतं "स्क्रोल सॉचं पातं" म्हटलं की जिगसॉचं पातं काढून देतात, ते अजिबात नाही. सोबत तुमचं एक जुनं पातं न्या आणि दाखवा. ५ इंची, बिनपिनचं, लाकडाचं, नंबर सांगा, आणि रिव्हर्स हवं असेल तर पाकीट उघडून खालचे दात भिंगातून बघा. डझनाचं पाकीट घ्या, सुटी देऊन पाती वाकवतात.

गिरगावकर_नाना

आणि जाताना चोर बाजारात मटण स्ट्रीटला हाताची धनुकरवत दिसली तर मला कळवा.

लालबागची_करवत

कळवते नाना. डिझाइनचा कागद काढताना फेव्हिकॉलने चिकटवलाय तो निघत नाहीये, नाजूक पानं तुटतील अशी भीती वाटतेय. काय करायचं?

मुलुंडची_मावशी

आता ओलं फडकं फिरवू नका, बर्चचा वरचा थर फुगतो. कागदावर थिनरही चालणार नाही, फेव्हिकॉल पाण्याचाच. हेअर ड्रायर जरा लांबून धरा, कागदाखालचा गोंद नरम झाला की पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून उतरवा, जाळीखाली सपाट फळी ठेवून, म्हणजे काड्यांवर भार येत नाही. दुसऱ्या तुकड्याला मात्र आधी प्लायवर रंगाऱ्यांची कागदी टेप लावा, कागद तिच्यावर ग्लू स्टिकने चिकटवा. आणि कड जळत असेल तर कागदावरून पारदर्शक पॅकिंग टेप, पातं कमी तापतं. काम झालं की सगळं एकदम सोलून निघतं.

लालबागची_करवत

कागदी टेप घरात आहे, रंगकामाची उरलेली. दुसरा तुकडा रविवारी घेते, फोटो टाकते.